नोंद धरली, की पक्की झाली?

वाशीमकडे वीज जात नाही, लाइन जाते. मृगाच्या पहिल्या वादळवाऱ्यात तर हमखास जाते. समजा, शहरातल्या एखाद्या खोलीत कॉलेजात शिकणारा मुलगा जुन्या डेस्कटॉपवर प्रोजेक्ट करत बसला आहे. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. त्याने दिवसभराचं काम गिटमध्ये, म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, कमिट केलं, नोंद झाल्याचं पडद्यावर आलं, तो चहाला उठला आणि लाइन गेली. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा गिट वेगळंच सांगू लागलं: ऑब्जेक्ट फाइल (गिट नोंदीचा मजकूर जिच्यात ठेवतं ती) रिकामी आहे, नोंद खराब झाली आहे. मुलगा चक्रावला. नोंद झाल्याचं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेत विकत घेतलेला त्याचा एखादा काका चक्रावला नसता. खरेदीखताची रजिस्ट्री झाली म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं असं होत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तलाठी आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबारा बदलतो. मधल्या काळात कुणी विचारलं की उत्तर मिळतं, ‘नोंद धरली आहे, मंजूर व्हायची आहे.’ मुरलेला माणूस धरलेल्या नोंदीच्या भरवशावर पुढचा व्यवहार करत नाही.

संगणकातही नोंद आधी धरली जाते आणि नंतर पक्की होते. मधलं अंतर कधी काही मिलिसेकंदांचं, कधी अर्ध्या मिनिटाचं असतं. किती गोष्टी पक्क्या होईपर्यंत थांबायचं, हे ठरवणाऱ्या सेटिंग गिटमध्ये आहेत. त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या सेटिंगची माहिती 14 वर्षं एका अशा वाक्यात दिलेली होती, जे वाचून सामान्य वापरकर्त्याने ती चालू करायचं धाडसच केलं नसतं. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

संगणकातली फेरफार नोंदवही

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतलं. लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीची फुकट सवलत बंद झाली होती, म्हणून. आज जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरचा इतिहास गिटमध्ये राहतो. वाशीमच्या मुलाचा प्रोजेक्ट आणि लिनक्सचा गाभा यांना तेच नियम लागू असतात.

गिटचं काम समजायला फेरफाराइतकं जवळचं उदाहरण नाही. सातबारा आजची स्थिती दाखवतो आणि फेरफार ती स्थिती कशी आली ते सांगतो. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागे गेलं की वारसाची नोंद, त्यामागची वाटणी, त्यामागची खरेदी सापडत जाते. गिटमधलं प्रत्येक कमिटही आपल्या आधीच्या कमिटचा क्रमांक जवळ बाळगतं. साखळी धरून मागे चालत गेलं की पहिल्या ओळीपर्यंत पोहोचता येतं.

फरक क्रमांकात आहे. फेरफाराचा क्रमांक ओळीने पडतो, 412 नंतर 413. गिट मात्र मजकुरातूनच क्रमांक काढतं. एसएचए-1 या गणिती पद्धतीने मजकुराचा 40 चिन्हांचा ठसा निघतो आणि तोच त्या नोंदीचं नाव होतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. मागच्या कमिटचा ठसा पुढच्या कमिटच्या मजकुरात असल्याने जुन्या नोंदीत कुणी हात घातला, तर तिथून पुढची सगळी साखळी विसंगत होते. 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी दोन वेगळ्या फाइलींचा एसएचए-1 ठसा एकच आणून दाखवला. तेव्हा गिटने असे बनावट जोड ओळखणारी तपासणी त्याच वर्षी जोडली आणि पुढे 2020 मध्ये एसएचए-256 या अधिक लांब ठशाची प्रायोगिक सोय केली.

वाशीमच्या जुन्या कागदांसाठी असं मजकुरातून निघणारं नाव किती सोयीचं झालं असतं! इंग्रजी अमदानीत बासीम नावाचा वेगळा जिल्हा होता. तो 1905 मध्ये मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून पुन्हा वाशीम जिल्हा निघाला. म्हणून एकाच गावाच्या कागदांवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळा जिल्हा लिहिलेला मिळतो. मजकुरावरून पडलेल्या नावाला जिल्हा बदलल्याने धक्का लागत नाही.

पण ठशाची ताकद कुठे संपते तेही बघायला हवं. लाखेचा शिक्का तुटलेला दिसला की पाकीट कुणी फोडलं हे कळतं, आतला कागद मात्र परत मिळत नाही. ठसा बिघाड ओळखतो. गेलेला मजकूर परत आणणं त्याच्या हातात नाही.

कागद टेबलावर, नोंदवही कपाटात

एखादा प्रोग्रॅम फाइल लिही म्हणतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि ‘लिहिलं’ असं सांगून मोकळी होते. मग सवडीने, बऱ्याच फाइलींचं काम एकत्र करून, तो डिस्ककडे पाठवते. डिस्कच्या पोटातही स्वतःची छोटी मेमरी असते. तिथूनही मजकूर चकतीवर किंवा चिपवर जायचा असतो. लाइन गेली की या दोन्ही मुक्कामांवर अडकलेलं जे काही असेल ते जातं.

हे टाळण्यासाठी एफसिंक नावाची आज्ञा आहे. प्रोग्रॅम म्हणतो, ‘ही फाइल खरोखर डिस्कवर पोहोचली असं कळेपर्यंत मी इथून हलत नाही.’ ही मंडळ अधिकाऱ्याची सही समजा.

मग प्रत्येक फाइलवर ही सही का घेत नाहीत? वेळ लागतो म्हणून. जुनी फिरती डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला साधारण 8 मिलिसेकंद. प्रत्येक एफसिंकला निदान एक फेरा धरला, तर 10 हजार फाइली आत घेताना नुसत्या सह्यांमध्ये 80 सेकंद जातात. एरवी तेच काम काही सेकंदांत उरकतं. एसएसडीवर हा खर्च बराच उतरतो, तरी शून्य होत नाही.

यात आणखी एक मेख आहे. फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि ते एकाच वेळी पोहोचतील याची खात्री नसते. नाव पोहोचलं आणि मजकूर वाटेत राहिला, तर अनुक्रमणिकेत पान दिसतं आणि उघडलं की कोरं निघतं. आपल्या मुलाच्या रिकाम्या ऑब्जेक्ट फाइलची गोष्ट हीच.

ते एक वाक्य

2008 मध्ये गिटमध्ये कोअर.एफसिंकऑब्जेक्टफाइल्स ही सेटिंग आली. हो किंवा नाही, एवढंच तिचं उत्तर, आणि मुळात ती बंद ठेवलेली. माहितीपुस्तिकेत तिच्याबद्दल जे लिहिलं होतं त्याचा आशय असा: जी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) मजकूर योग्य क्रमाने लिहिते तिच्यावर ही सेटिंग म्हणजे वेळ आणि कष्ट यांची निव्वळ उधळपट्टी. ज्या फाइल सिस्टिम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवत नाहीत किंवा फक्त फाइलींच्या तपशिलाचं जर्नल ठेवतात, त्यांच्यावर ती उपयोगी पडू शकते. उदाहरणादाखल मॅकची एचएफएस प्लस आणि एका खास पद्धतीने जोडलेली लिनक्सची ईएक्सटी3, अशी दोन नावं दिलेली होती.

वाक्य जाणकाराने जाणकारासाठी लिहिलं होतं आणि त्या काळाच्या मानाने ते चूकही नव्हतं. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात तीन भोकं होती.

पहिलं भोक असं की आपली फाइल सिस्टिम योग्य क्रमाने लिहिते की नाही हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे, असं त्यात धरून चाललं होतं. बहुतेकांना आपली फाइल सिस्टिम कोणती, हेच ठाऊक नसतं.

दुसरं, काय जाऊ शकतं आणि कधी, याचा त्यात पत्ता नव्हता. लाइन गेल्यावर शेवटचं कमिट जाईल की सगळा इतिहास? संगणक नुसता अडकला तर काय? घाबरायचं किती आणि निर्धास्त राहायचं किती, हे वाचणाऱ्याला कळत नव्हतं. ‘उधळपट्टी’ एवढा शब्द मात्र लक्षात राहत होता.

तिसरं भोक काळाने पाडलं. त्याच 2008 च्या डिसेंबरात ईएक्सटी4 ही नवी फाइल सिस्टिम लिनक्समध्ये पक्की म्हणून दाखल झाली. मजकुराला डिस्कवर जागा देण्याचं काम ती लांबणीवर टाकते, त्यामुळे वेग वाढतो. 2009 मध्ये लोकांच्या लक्षात आलं की संगणक अचानक बंद पडला तर नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य लांबीच्या होऊन परत येतात. ईएक्सटी3 वर सहसा पाच सेकंदांत मिटणारा धोका इथे अर्ध्या मिनिटापर्यंत ताणला जाऊ लागला होता. पायाखालची जमीन बदलली, पण पुस्तिकेतलं वाक्य तेच राहिलं. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं आणि वहिवाट नातवाची, असा प्रकार.

2022 ची दुरुस्ती

एप्रिल 2022 मध्ये गिटची 2.36 ही आवृत्ती आली आणि जुनी सेटिंग मोडीत निघाली. मायक्रोसॉफ्टमधल्या एका अभियंत्याने लिहिलेल्या या बदलात हो-नाहीच्या जागी दोन प्रश्न आले: पक्कं काय करायचं आणि कसं करायचं.

‘काय’चं उत्तर कोअर.एफसिंक ही सेटिंग देते. गिटच्या भांडाराचे, म्हणजे एका प्रोजेक्टच्या सगळ्या नोंदींच्या साठ्याचे, भाग तिथे नावानिशी वेगळे मोजले आहेत: सुटे ऑब्जेक्ट, गठ्ठ्यात बांधलेले ऑब्जेक्ट, गठ्ठ्यांची सूची, कमिटचा आलेख, इंडेक्स (कमिटसाठी निवडलेल्या फाइलींची यादी) आणि शाखांची टोकं सांगणारे संदर्भ. प्रत्येकाचा विचार करत बसायचं नसेल तर तीन तयार पर्याय आहेत. ‘कमिटेड’ म्हणजे कमिट केलेलं पक्कं करा, ‘ॲडेड’ म्हणजे कमिटसाठी निवडून ठेवलेलंही पक्कं करा, ‘ऑल’ म्हणजे सगळंच.

‘कसं’चं उत्तर कोअर.एफसिंकमेथड देते. एक पद्धत प्रत्येक फाइलवर पूर्ण सही घेते. दुसरी मजकूर डिस्ककडे रवाना करते, पण डिस्कने तो पोटातून खाली उतरवला का याची वाट पाहत नाही. तिसरी, ‘बॅच’ नावाची, जून 2022 च्या 2.37 आवृत्तीत आली. ती सगळ्या सुट्या फाइली आधी डिस्ककडे रवाना करते आणि शेवटी एकाच नाममात्र फाइलवर पूर्ण एफसिंक करते. त्या एका सहीने डिस्कच्या पोटातलं सगळं खाली उतरतं. मंडळ अधिकाऱ्याने प्रत्येक नोंदीसाठी वेगळी फेरी न मारता गठ्ठा एकदम निकाली काढावा, तसं. मॅक आणि विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर ही पद्धत पूर्ण एफसिंकइतकीच सुरक्षित असावी, असं पुस्तिका सांगते.

एकच शब्द दोन यंत्रांवर दोन अर्थांचा असू शकतो, हेही या दुरुस्तीत उघड झालं. मॅकवर साधी एफसिंक आज्ञा दिली की मजकूर डिस्ककडे जातो, पण डिस्कच्या स्वतःच्या मेमरीतून खाली उतरेलच असं नाही. त्यासाठी तिथे वेगळी, जास्त कडक आज्ञा आहे.

माहितीही सुधारली. पक्का न केलेला भाग संगणक नीट बंद न झाल्यास हरवू शकतो, हे आता सरळ लिहिलं आहे. खास गरज नसेल तर सेटिंग मोकळी ठेवा किंवा त्या तीन पर्यायांपैकी एक घ्या, असा सल्लाही आहे. वाचणाऱ्याला आपली फाइल सिस्टिम ओळखायची परीक्षा द्यावी लागत नाही.

तरी एक गोष्ट जाता जाता निसटते. मुळातल्या मांडणीत सुटे ऑब्जेक्ट पक्क्या यादीतून वगळलेले असतात. विंडोजसाठीच्या गिटमध्ये ते धरलेले आहेत, लिनक्सवर नाहीत. आणि आपल्या मुलाचं ताजं कमिट नेमकं सुट्या ऑब्जेक्टच्या रूपातच लिहिलं जातं. वेगासाठी केलेली ही निवड वेडेपणाची नाही, कारण त्याच्या मूळ फाइली बहुधा डिस्कवर शाबूत असतात. पण निवड त्याच्या वतीने झाली आहे, हे त्याला कळायला हवं.

नक्कल म्हणजे राखण नव्हे

‘एवढं कशाला, दुसरीकडे प्रत आहे की,’ असं कुणी म्हणेल. मार्च 2013 मध्ये केडीई या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पालाही तसंच वाटत होतं. त्यांच्या मुख्य सर्व्हरवर साधारण 1500 गिट भांडारं होती आणि ती जगभरच्या आरशांवर, म्हणजे आपोआप जुळवून घेणाऱ्या नकलांवर, उतरत होती. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्याची फाइल सिस्टिम बिघडलेली निघाली आणि आरशांनी इमानेइतबारे तो बिघाडही उतरवून घेतला. केवळ योगायोगाने एका यंत्रावर शाबूत प्रत उरली होती, म्हणून सगळं वाचलं. नंतरच्या चर्चेत कळलं की अशी आरशाची नक्कल घेताना गिट सगळा मजकूर तपासतं, असं सांभाळणाऱ्यांनी धरून चाललं होतं. ते तसं तपासत नव्हतं आणि पुस्तिकेतून तसं स्पष्ट होतही नव्हतं. घोटाळा फाइल सिस्टिममध्ये झाला, पण तो पसरला अपुऱ्या माहितीमुळे.

तपासायचं साधन गिटमध्ये आहे, फक्त ते मागावं लागतं. गिट एफएससीके ही आज्ञा भांडारातली प्रत्येक नोंद वाचते, ठसा पुन्हा काढून पाहते आणि साखळी जुळते का ते बघते. दुसरीकडून येणारा माल दारातच तपासायचा असेल तर ट्रान्सफर.एफएससीकेऑब्जेक्ट्स ही सेटिंग आहे. तीही मुळात बंद असते.

महसूल खात्याला हा धडा ठाऊक आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना नावं चुकली, क्षेत्रं चुकली. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचं शेत त्याने चूक सांगायची. पुढच्या वर्षी 1 मे रोजी डिजिटल सहीचा सातबारा लोकांना ऑनलाइन मिळू लागला. वाचन आधी आणि सही नंतर, हा क्रम बरोबर होता. चुकीच्या नोंदीवर पक्की सही केली तर चूकच पक्की होते.

मग त्या मुलाने काय करायचं?

आधी काही पुसायचं नाही. प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर, लपलेल्या गिट फोल्डरसकट, दुसरीकडे उतरवून ठेवायचं. मग गिट एफएससीके चालवून नेमकं काय बिघडलं ते पाहायचं. रिकाम्या ऑब्जेक्ट फाइली बाजूला काढल्या आणि मूळ फाइली पुन्हा ॲड केल्या की तेच ठसे पुन्हा तयार होतात, कारण मजकूर तोच तर नाव तेच. उरलेलं आधी पुश केलेल्या, म्हणजे दुसरीकडे पाठवून ठेवलेल्या, प्रतीतून आणता येतं. आणि पुढच्या मृगाआधी कोअर.एफसिंकला ‘ॲडेड’ ही किंमत द्यायची. घरच्या प्रोजेक्टला त्याने पडणारा फरक जाणवणारही नाही.

पण पुस्तिका लिहिणाऱ्याचं काय? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पुस्तिकेत एफसिंक बंद करण्याबद्दल जे लिहिलं आहे ते नमुन्यासारखं आहे. वेग वाढेल हे ती मान्य करते, लाइन गेल्यास डेटा दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो हे बजावते आणि ज्याला अख्खा डेटाबेस बाहेरून सहज पुन्हा उभा करता येतो त्यानेच ही सेटिंग बंद करावी असं सांगते. काय मिळेल, काय जाईल आणि हे कोणासाठी, अशी तीन उत्तरं तिथे मिळतात. त्याच चालीवर मी गिटची नोंद अशी लिहीन:

‘ही सेटिंग बंद असताना लाइन गेली किंवा संगणक अचानक बंद पडला, तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेलं कमिट हरवू किंवा बिघडू शकतं. जुनी कमिट सहसा शाबूत राहतात. चालू केली तर हजारो फाइली एकदम आत घेताना वेळ जास्त लागेल, रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. वीज बेभरवशाची असेल आणि दुसरीकडे प्रत नसेल, तर चालू ठेवा.’

यात फाइल सिस्टिमचं एकही नाव नाही. ते तपशील हवेत, पण खाली, ज्याला लागतील त्याच्यासाठी. आणि हा मजकूर पक्का करण्याआधी त्याचंही चावडी वाचन व्हावं. ज्याचं काम बुडू शकतं अशा एखाद्याला वाचून दाखवावं आणि विचारावं, आता तू काय करशील? तो गप्प राहिला तर वाक्य पुन्हा लिहावं.

अशा लिखाणाचा जुना नमुना वाशीमलाच आहे. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने चौथ्या शतकात, आपल्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी, वत्सगुल्माहून दिलेले ताम्रपट 1939 मध्ये वाशीमला सापडले. तांब्यावर कोरणं महाग आणि वेळखाऊ होतं, म्हणून राजा रोजचा कारभार तांब्यावर लिहीत नसे. गावाच्या दानासारखं पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवं तेवढंच कोरून ठेवायचं, ही निवड तेव्हाही करावी लागे. त्या पत्र्यांवरच्या भाषेत एक गंमत आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. थोरवी पंडितांच्या भाषेत सांगितली, तरी ज्या अटींवर गावाचं पुढचं जगणं अवलंबून होतं, त्या बोलीच्या जवळच्या भाषेत कोरल्या. गिटच्या पुस्तिकेला एवढी एक वाटणी जमली, तरी पुष्कळ झालं.